समोरासमोरची दोन कापडदुकानं

मी कोळ्याची मुलगी. सासरचेही मूळ कोळीच, पण त्यांनी एका पिढीआधी होडी सोडून मालवणच्या बाजारात कापडाचं दुकान थाटलेलं. मोठ्या दिरांनी मुंबईहून काचेची कपाटं आणली आणि गिऱ्हाइकांदेखत माझ्या नवऱ्याला म्हणाले, "हिका फुडे बसवू नको. लोक कापडाक येतत, म्हावऱ्याच्या बाजाराक नाय."

नवऱ्याने मान खाली घातली. मी मात्र ट्रंक भरून माहेरी निघाले, तेव्हा तीच ट्रंक उचलून तो मागून आला.

दिरांच्या दुकानासमोर माझ्या मामाचं मिठाचं रिकामं कोठार होतं. ते मी मागून घेतलं. वडिलांकडे रापणीचं जुनं जाळं मागितलं, तर ते म्हणाले, "फाटक्या जाळ्यात तुका काय गावतला गो?"

"एकच मासो गावलो तरी पुरो," मी म्हटलं.

जाळं ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस-काळं केलं आणि आढ्यापासून जमिनीपर्यंत सोडलं. त्याच्या भोकांतून हिरवी, जांभळी लुगडी ओवली. मोडकी वल्ही सुंभाने आडवी टांगून त्यांवर खण लटकवले. एका भिंतीला शिंपल्यांचा चुना दिला, दुसरी जांभ्याची, तशीच लाल ठेवली. करवंट्यांना भोकं पाडून आत दिवे ठेवले. तिन्हीसांजेला साऱ्या दुकानावर उजेडाची खडी पसरायची, लुगड्यावर छापतात तशी.

चतुर्थीच्या खरेदीला मसुरे गावच्या बायका आल्या त्या दारातच थबकल्या. "अगो, ह्या बघ!" म्हणत आत शिरल्या. समोर दीर नुसते बघत बसलेले. मी मुद्दाम दार सताड उघडं ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी त्यांनीही जाळं टांगलं, नवंकोरं, पांढरं. काचेच्या कपाटांवर ते मच्छरदाणीसारखं दिसायचं. लोक हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसले.

शेवटी ते स्वतः आले. मी त्यांना उभंच ठेवलं, हातातली घडी सावकाश घातली.

"एकत्र येवया गो. तू म्हणशीत तसा दुकान सजवया."

"माका वेळ नाय, भावोजी," मी म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला लुगडं दाखवू लागले.

वर्षभरात त्यांच्या दुकानाला कुलूप लागलं. नवरा त्या दिवशी जेवला नाही. मी दोनदा भात वाढून घेतला. लोक म्हणतात, राग म्हातारपणी विरतो. माझा अजून विरलेला नाही, आणि मला त्याची घाईही नाही.