मे महिन्यातलं सोनं

इंग्रजी शाळेत असताना मी 'ऑटम'वर निबंध लिहून शाबासकी मिळवली होती. ऑटम प्रत्यक्ष पाहिला मात्र साठी उलटल्यावर, तुमच्या मामाकडे ऑस्ट्रेलियात, गुंगालिनला राहायला आले तेव्हा.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी मी दर बुधवारी लाइट रेलने शहरातल्या एका सार्वजनिक बागेत मदतीला जायची. मे महिन्यातली कामं ठरलेली होती. सुकलेली रोपं उपटायची, ट्यूलिपचे कंद पुरायचे आणि वाटांवरची पानं दाताळ्याने ओढायची. ओक तांबडा होऊन आठवडेच्या आठवडे रेंगाळत गळतो. गिंकोच्या झाडाचं तसं नाही. ते पिवळंधमक होतं आणि एका कडक थंडीच्या सकाळी सगळी पानं एकदम खाली सोडतं.

तेव्हा पुण्यात तुमची आई कोरोनाने आजारी होती. ती एका खोलीत, तुम्ही दोघं बाबांबरोबर दुसऱ्या खोलीत. तिचा ऑक्सिजन उतरत होता, हॉस्पिटलात बेड मिळत नव्हता आणि इकडून विमानं बंद होती. घरात फोनकडे बघत बसवेना, म्हणून मी त्या बुधवारीही बागेत गेले.

गिंको नेमकं त्याच सकाळी रिकामं झालं होतं. ओल्या पानांवरून पाय घसरतो, म्हणून त्या झाडाखालची वाट आधी साफ करायची असते. मी एक पान उचललं. आपट्याच्या पानासारखी मधे चीर, आणि रंग खरोखरच सोन्याचा. दाताळं हातात घेऊन मी नुसतीच उभी राहिले. बागेची मुख्य बाई जवळ आली. मी तिला आमचा दसरा सांगितला आणि तुमच्या आईचंही सांगितलं.

ती वाटेकडे बघून म्हणाली, "मग हे तुझ्या मुलीला दाखवायला हवं. आज आपण ओकखालची पानं काढू."

"आणि लोक घसरले तर?"

"दोरी बांधते. चालू देत की लांबून, तेवढाच व्यायाम."

पुढच्या बुधवारी गेले तरी दोरी तशीच होती. पानांच्या कडा जरा तपकिरी झाल्या होत्या. दुपारी फोन वाजला. तुमच्याकडे सकाळ होती. तुमची आई पहिल्यांदाच खोलीबाहेर येऊन सोफ्यावर बसली होती आणि तुम्ही दोघं तिला चिकटून. मी दोरी ओलांडून आत गेले आणि एक पान कॅमेऱ्यासमोर धरलं.

"सोनं घे."

"आई, मे महिन्यात?" तिचा आवाज बसलेला होता.

"इथे सगळं उलटंच असतं."

ती हसली, खोकली आणि मग दरडावून म्हणाली, "घसरशील. आधी बाजूला हो बघू."

तिचं ते रागावणं ऐकलं आणि मला समोरचं नीट दिसेना.

फोन ठेवला तर मुख्य बाई दोन दाताळी घेऊन उभी. "आता माझी वाट मला परत मिळेल का?"

मी हातातलं पान तिला दिलं. तिने ते टोपीत खोचलं आणि आम्ही दोघी पानं ओढायला लागलो.