गुरुवारचा एकच वाचक

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत शगुफ्ता मॅडमना सगळे ओळखतात ते टायपिंगमुळे. सतरा वर्षं झाली, जिना चढून वर गेलं की दोन खोल्यांत त्यांचा क्लास. आधी खडखडणारी यंत्रं होती, आता संगणक आले, मॅडम मात्र त्याच. पाठमोऱ्या उभ्या असल्या तरी नुसत्या आवाजावरून सांगतील, की तुझी करंगळी चुकली. बाई हट्टी, आणि साधीसुधी हट्टी नव्हे. एकदा परीक्षेच्या नमुना पेपरात समास अर्धा सेंटिमीटर जास्त सुटला होता, तर हिनं पुण्याच्या परीक्षा परिषदेला तीन पत्रं धाडली. एकाचंही उत्तर आलं नाही, म्हणून चौथं धाडलं. असल्या बाईच्या हातात एखादं काम द्यावं आणि मग ते परत मागावं, हे ज्याला सुचलं त्याची कमाल म्हणायची.

तो माणूस म्हणजे आबासाहेब. श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त होऊन सोलापुरात आले आणि चार ओळखीच्या लोकांना घेऊन त्यांनी बायकांच्या मदतीसाठी एक ट्रस्ट काढला. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यांनीच सहा वर्षांपूर्वी शगुफ्ताला म्हटलं, की मॅडम, आपल्या ट्रस्टची एक वेबसाइट करा, अडलेल्या बाईला तिथं माहिती मिळू दे. हिनं केली. नवरा मारत असेल तर काय करायचं, पोटगीला कुठं जायचं, कोणते कागद लागतात, दवाखान्यात काय सांगायचं, सगळं साध्या मराठीत लिहिलं. एका वकीलबाईंकडून तपासून घेतलं, खाली त्यांचा फोन नंबर टाकला. तो फोन आणि वकीलबाईंचे रोजचे दोन तास ट्रस्ट सांभाळायचा. आणि एक शहाणपणा केला. सगळं एकाच लांबलचक पानावर ठेवलं. एकदा पान उघडलं की मध्येच नेट संपलं तरी बाईला खालपर्यंत वाचता यावं, म्हणून. हा शहाणपणा पुढं तिच्याच अंगाशी आला.

साइटवर कोण किती येतं ते मोजायला तिनं सगळे लावतात तसला एक फुकटचा मोजणारा लावला होता. महिन्याला चार हजार भेटी दाखवायचा. आबासाहेब वार्षिक सभेत तो आकडा वाचायचे, लोक टाळ्या वाजवायचे. हे चार हजार कोण, सोलापूरचे का कुठल्या दुसऱ्या देशातली यंत्रं, हे कुणी विचारलं नाही. शगुफ्तानंही नाही.

मग एका सकाळी अजीजा जिना चढून वर आली. अजीजा बिड्या वळणारी, दोन पोरांची आई. उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये. ती बाकावर टेकली आणि म्हणाली, "आपा, तुमचं पान चुगली करतंय."

तिनं नवऱ्याच्या फोनवर ते पान वाचलं होतं आणि वाचून पुसूनही टाकलं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून त्याच्या फोनवर तलाकच्या वकिलांच्या जाहिराती यायला लागल्या. क्रिकेटचा स्कोअर बघायला गेला, तिथंही वकील. तो काही खुळा नव्हता. हे सगळं त्या फुकटच्या मोजणाऱ्यानंच केलं की आणखी कशानं, ते शगुफ्ताला कधीच छातीठोकपणे सांगता आलं नाही. पण प्लास्टर तर समोर दिसत होतं. बिड्या वळायचा हात. तिनं त्याच दुपारी तो मोजणारा काढून टाकला आणि घरी जाऊन रडली.

नुसतं काढून भागणार नव्हतं, सभेला आकडा लागायचाच. मग बाईनं पदर खोचला. क्लासच्या दोन बॅचांच्या मधल्या दुपारी ती वाचत बसायची. असे मोजणारे असतात म्हणे, की जे वाचणाऱ्याच्या फोनवर काही ठेवत नाहीत, त्याचा पत्ता लिहून घेत नाहीत, जमलेली माहिती आपल्याच सर्व्हरवर राहते, बाहेर कुणाला जात नाही. आणि त्यांचा सगळा कोड उघडा, कुणीही वाचून बघावा की आत काही लपवलंय का. तिनं तीन निवडले. पहिला हत्तीएवढा. शंभर गोष्टी दाखवणार, त्यातल्या नव्वद आपणच बंद करत बसायच्या, आणि त्याला सर्व्हरही मोठा लागणार. दुसरा सुबक, पण स्वतः बसवायला किचकट, नाहीतर त्यांच्याकडेच महिन्याची डॉलरमध्ये वर्गणी. तिसरा लहानखुरा. किती आले, कोणत्या दिवशी, फोनवरून की संगणकावरून, बस्स. आणि रोज रात्री बारा वाजले की कालची ओळख तो स्वतःच पुसून टाकणार, म्हणजे आजची बाई कालचीच का नवी, हे त्याचं त्यालाही कळू नये. शगुफ्ताला हाच आवडला.

सगळ्यात छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला आणि काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करत गेली. टायपिंगमध्ये चूक एकही नाही, ती सतरा वर्षांची कमाई. तरी तीन दिवस तो चालेना. चूक निघाली ती नाव आणि सर्व्हर जोडणाऱ्या नोंदीत, तीही आधीच कुणीतरी करून ठेवलेली. शेवटी साइटच्या पानात एक ओळ चिकटवली, स्वतःच्या भेटी मोजू नयेत असं सांगितलं आणि आकडा उघडला. शून्य. ती लई खूश झाली. खरं बोलणारं काहीतरी घरात आलं, असं तिला वाटलं.

आठवडा झाला, आकडा एक. तो गुरुवारी आलेला, फोनवरून. पुढच्या आठवड्यातही एक, गुरुवारीच. महिन्याअखेरीस पाच. कुठं चार हजार आणि कुठं पाच! तिनं सगळी जोडणी दोनदा तपासली. यंत्रांच्या भेटी हा मोजणारा गाळतो हे तिला कळलं, पण एवढ्या? म्हणजे सहा वर्षं आपण भिंतीशी बोलत होतो की काय, या विचारानं तिचं जेवणावरचं मन उडालं.

आबासाहेबांनी आकडा बघून चष्मा काढला. मार्चमध्ये सभा होती, साइट आणि वकीलबाईंचा फोन पुढं चालवायचा की नाही हे तिथं ठरणार होतं. पाच वाचकांसाठी देणगीदार कशाला देणगी देतील, असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काय होतं? जुना मोजणारा परत लावा, असं त्यांनी सुचवलं. शगुफ्तानं अजीजाच्या हाताचं सांगितलं. वाईट वाटलं त्यांना. मग म्हणाले, की मग दुसरा काही पुरावा आणा.

साइट बंद होणार हे चंद्रिकाच्या कानावर गेलं. चंद्रिका होटगीची, शगुफ्ताच्याच क्लासमधून टायपिंग शिकून बिडी कारखान्याच्या शेडमध्ये कारकून लागलेली. बायका वळलेल्या बिड्या तिथं जमा करतात आणि पुढच्या आठवड्याची तेंदूची पानं घेऊन जातात. तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, गुरुवारी हितं या. तुमीच बघा एकदा."

गुरुवार पानं वाटायचा दिवस. शगुफ्ता गेली तेव्हा दोन तासांची रांग लागलेली होती. भिंतीला टेकून, मांडी घालून बसलेल्या चाळीसेक बायका, आणि रांगेतून हळूहळू सरकत येणारा एक फोन. चंद्रिकाचा. सकाळी घरून निघताना ती ते पान उघडून आणायची आणि शेडमध्ये पहिल्या बाईच्या हातात द्यायची. जिला वाचता येतं ती शेजारणीला हळू वाचून दाखवणार, बोटानं वर सरकवणार, पुढं देणार. घरी नवऱ्याचा फोन, पोराचा फोन. इथं पुरुष कुणी नसतो, आणि फोन कारकूनबाईचा. चंद्रिकानं आजवर सांगितलं नव्हतं, कारण बायकांनी तिला शपथ घातली होती.

पान एकदाच उघडलेलं. मोजणाऱ्याच्या लेखी एक. शगुफ्ता दारातच उभी राहिली आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

ती तडक आबासाहेबांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण उभा जन्म रजिस्टरात गेलेला माणूस तो. म्हणाले, "मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण सभेला विश्वास दाखवता येत नाही. त्या बायकांची नावं आणि सह्या आणा. अंगठे चालतील."

आता इथं तिनं नाही म्हणायला हवं होतं. जिनं बारा वाजता ओळख पुसणारा मोजणारा शोधून काढला, तिला हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण मार्च तोंडावर आलेला, जीव टांगणीला लागलेला, आणि पान वाचवायचं हेच एक डोक्यात. पुढच्या गुरुवारी ती लाल पुठ्ठ्याचं नवं रजिस्टर घेऊन शेडमध्ये गेली.

कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. तिनं रजिस्टर उघडलं, कशासाठी ते समजावलं, नावं बाहेर जाणार नाहीत अशी शपथही घेतली. ज्या बाईच्या हातात तेव्हा फोन होता तिनं तो पालथा करून जमिनीवर ठेवला. शेजारणीनं उचलला नाही. तिच्या पुढचीनंही नाही. बायका आपापल्या टोपल्यांत बघत बसल्या आणि तो फोन तसाच फरशीवर पडून राहिला.

रांगेच्या शेवटून अजीजा उठून आली. हात बरा झाला होता, पण बोटं पूर्ण मिटत नव्हती. "माझं लिहा, आपा," ती म्हणाली. "माझं आता काय राहिलंय लपवायचं?"

शगुफ्तानं पेन उघडलं होतं. ते तिनं बंद केलं.

सभेत आबासाहेबांनी कोरं रजिस्टर चाळून बघितलं आणि परत दिलं. ठराव पाच मिनिटांत झाला. एप्रिलपासून वकीलबाईंचा फोन बंद. साइटच्या जुन्या पत्त्यावर आता ट्रस्टच्या कार्यक्रमांचे फोटो आहेत, शाल, नारळ, आणि जुना मोजणारा पुन्हा बसवलेला. आकडा चांगला येतो म्हणतात.

शगुफ्ता कसली ऐकते! तिनं ते लांबलचक पान आपल्या छोट्या सर्व्हरवर नव्या पत्त्यानं ठेवलं आणि चंद्रिकाला दिलं. चंद्रिका दर गुरुवारी पान उघडून न्यायची. पण आता फोन कुणी हातात घेईना. नावं लिहिणारी बाई आलती, आता कुणी सांगावं फोनमध्येसुद्धा लिहून घेत असतील, असं रांगेत बोललं जायचं. दीड महिना चंद्रिका फोन उघडून टेबलावर ठेवत राहिली, मग तिनं उघडायचं सोडलं. त्या आठवड्यात शगुफ्तानं आकडा बघितला. गुरुवारीही शून्य. मोजणारा नीट चालत होता, तिनं दोनदा तपासलं.

जूनमध्ये अजीजा परत क्लासमध्ये आली. पोटगीचा दावा लावायचं तिनं ठरवलं होतं, दुसऱ्या दिवशी कोर्टात जायचं होतं. कागद कोणते न्यायचे ते विचारायला आली. पूर्वी गुरुवारी वाचून घ्यायची, विसरलं तर पुढच्या गुरुवारी परत वाचायची. शगुफ्तानं कागद ओढला आणि लिहायला लागली, तर अजीजानं तिचा हात धरला.

"लिहून नको, आपा. घरात कागद सापडला तर मोडायला दुसरा हात हाय. तोंडीच सांगा."

शगुफ्तानं सांगितलं. निकाहनामा, आधार कार्ड, पोरांचे जन्मदाखले, दवाखान्याचा कागद, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची नक्कल. अजीजानं एकेका बोटावर मोजत म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा म्हणताना एक विसरली. तिसऱ्यांदा पाचही बरोबर आले. मग म्हणाली, "तेव्हा माझं एक नाव लिहिलं असतं तर पान राहिलं असतं काय?"

एका नावानं काही झालं नसतं, हे शगुफ्ताला ठाऊक होतं. झालं असतं, असंही तिला रोज वाटायचं. अजीजानं उत्तराची वाट बघितली नाही, पायऱ्या उतरून गेली.

शगुफ्ता खिडकीशी आली. खाली गल्लीत अजीजा न मिटणारी बोटं दुसऱ्या हातानं एकेक धरत, पुटपुटत चालली होती. कोपऱ्यावर पोचली आणि थांबली. पाचव्या बोटाकडे, करंगळीकडे बघत तशीच उभी राहिली. शगुफ्तानं हाक मारायला तोंड उघडलं, पण असलं काही भर गल्लीत ओरडून सांगायचं नसतं. ती चपला न घालताच जिन्याकडे धावली. खाली पोचेपर्यंत कोपऱ्यावर कुणी नव्हतं.