मास्तरांच्या रोलवरची रेघ

"अण्णा, परत आली बघा रेघ." मास्तरांनी निगेटिव्हची पट्टी काउंटरवर ठेवली.

ही तिसरी खेप. दोनदा मी तोच कॅमेरा "आता काही होणार नाही" असं छातीठोक सांगून परत दिला होता. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

बेळगावात माझं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान आहे. मास्तर खानापूरच्या पुढच्या एका खेड्यातले. कन्नड शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. तेही मोबाइलवर नाही, आपल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर. रोल धुवायचेही घरीच. आणि प्रत्येक चेहऱ्यावरून केसाएवढी बारीक रेघ.

"दुसरा रोल घालून परत काढा की," मी म्हटलं.

"कुणाचे काढू? गंगाक्का गेली, म्हादूआप्पा गेला. दोघांचाही जन्मात प्रत्येकी तेवढा एकच फोटो, अन् त्यावर हे असलं."

 मी कॅमेरा ठेवून घेतला.

फिल्मवरची रेघ वाचता येते. वाकडीतिकडी असली तर धुताना हात लागलेला असतो. सरळ, काठाला समांतर असली तर फिल्म कॅमेऱ्यातून सरकताना काहीतरी खुपतंय. फिल्मला दोन बाजू असतात. मंद बाजूवर चित्र असतं, चकचकीत बाजू नुसतं प्लास्टिक. मास्तरांची रेघ सरळ होती आणि चकचकीत बाजूला. ती बाजू प्रेशर प्लेटला टेकते. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या दाराला आतून स्प्रिंगवर बसवलेली काळी पट्टी. ती फिल्म सपाट दाबून धरते.

चोर सापडला होता, मुद्देमालही होता. आधीच्या दोन्ही वेळा प्लेटवर कापूस फिरवला तर तांबूस डाग आला. गंज, मी म्हटलं. खानापूरकडचा पाऊस, घरातली ओल, दुसरं काय असणार. पुसलं, पॉलिश केलं, माझा एक जुना रोल आत घालून शेवटपर्यंत ओढला. रेघ नाही.

तिसऱ्या वेळीही कापूस तांबूसच. पण या वेळी मी प्लेटवर भिंग धरलं. गंज चढला की लोखंडाला खड्डे पडतात. इथे एकही खड्डा नव्हता. मी स्वतःवरच चिडलो. न बघता दोनदा निदान सांगून मोकळा झालो होतो. माझ्या टेबलावर रेघ येत नाही आणि मास्तरांच्या घरी येते, तर दुखणं घरात आहे. आता छडा लावल्याशिवाय हा कॅमेरा सोडायचा नाही, असं ठरवलं. रविवारी सकाळच्या बसने कॅमेरा घेऊन त्यांच्या गावी गेलो.

"नेहमी करतासा तसंच करा," मी सांगितलं. "मी नुसता बघतो."

मास्तरांनी कॅमेरा घेतला आणि बायकोच्या, सुंदराक्कांच्या हातात दिला. हे मला नवीन होतं.

"एक डोळा गेला, दुसऱ्यानं अंधुक दिसतंय," मास्तर म्हणाले. "फोटो काढतोय कसाबसा, पण त्या बारक्या दात्यांत फिल्म अडकवायला न्हाय जमत. वर्ष झालं, रोल हीच घालती. रेघही हिनंच दावली."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

सुंदराक्कांनी पदराला हात पुसले, मागचं दार उघडलं आणि फिल्म नीट दात्यांत बसवली. माझ्यापेक्षा हलक्या हाताने. मग तशाच देव्हाऱ्याकडे गेल्या. करंडा आणला, ओलं बोट कुंकवात बुडवलं, दाराच्या आतल्या त्या काळ्या पट्टीवर ठिपका लावला आणि दार मिटलं.

"आक्का, हे काय केलंसा?"

"नवा रोल न्हवं? नव्या घरात कुंकू लावल्याबगर कोण ऱ्हायला जातंय व्हय? ह्यात आता आमची म्हातारी माणसं जाणार."

ओला ठिपका फिल्मच्या सुरुवातीच्या कोऱ्या तुकड्याला थोडा लागायचा आणि धुताना निघून जायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. उरलेलं कुंकू वाळून त्याचे कण कडक व्हायचे, आणि सगळे फोटो त्या कणांवरून घासत जायचे. माझा गंज तो हा.

सांगितल्याशिवाय रेघ थांबणार नव्हती. सांगितलं.

"म्हंजे गंगाक्काच्या तोंडावर रेघ मीच वडली," सुंदराक्का म्हणाल्या आणि करंडा लांब सारला.

"असू दे गं, तुला काय ठावं," मास्तर म्हणाले. मला फार वाईट वाटलं. बाईंनी मायेने लावलेलं कुंकू, आणि मी ते चोरी पकडल्यासारखं सांगत होतो.

मी यंत्राचा माणूस. तीन खेपा रेघ येते कुठून, याच्याच मागे लागलेलो. आलेल्या रेघेचं काय करता येईल, हे डोक्यातच नव्हतं. आणि आता डोक्यात प्रकाश पडला. कुंकवाने ओरखडली ती चकचकीत बाजू. चित्र मंद बाजूला. म्हणजे गंगाक्काला धक्काही लागलेला नव्हता. तरुणपणी मी ज्या स्टुडिओत डार्करूमचं काम शिकलो, तिथले मालक असल्या रेघेवर नाकाचं तेल लावायचे. थट्टा करत नाही. नाकपुडीच्या खाचेत तेल सुटतं, ते बोटाने रेघेवर हलकेच चोळायचं. ओरखडा भरतो, उजेड सरळ आरपार जातो आणि रेघ दिसत नाही.

"गंगाक्काची निगेटिव्ह आणा," मी म्हटलं.

मी नाकाला बोट लावलं तशा सुंदराक्का बघतच राहिल्या. पट्टीवर चोळलं, खिडकीशी उजेडात धरली आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पट्टी पुढेमागे सरकवून बघितली.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "रेघ न्हाय."

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. "नथ दिसती काय गं तिची?"

"दिसती की. मोतीसुद्धा दिसत्यात."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मग पुसतच राहिले.

गंगाक्का आणि म्हादूआप्पा, दोघांचेही प्रिंट मी माझ्या दुकानात तसेच तेल लावून काढले. सुंदराक्का आता कुंकू कॅमेऱ्याच्या चामडी कव्हरला लावतात. रेघ पुन्हा आली नाही.

हल्ली कुणी कॅमेरा घेऊन आलं की मी लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही. आधी विचारतो, रोल कोण घालतं?