अण्णांचा प्रोसेसर का तापतो?

रत्नागिरीत मी आणि शेखर कॉम्प्युटर जोडून द्यायचो, रिपेरीही करायचो. बंद पडलेलं मशीन उघडलं की आत दोन गोष्टी हमखास सापडायच्या: धूळ आणि किस्सा. धूळ ब्रशने जायची. किस्से साठतच गेले!

जवळच्या पावस गावच्या एका बागायतदारांचं मशीन ऐन मे महिन्यात तापून बंद पडायला लागलं. आम्ही गेलो. बघतो तर कॅबिनेटच्या मागे पेंढा पसरून हापूस लावलेला! पंख्याची वाटच बंद.

"अहो, हे काय?"

"गरम वारा फुकट जात होता. म्हटलं, लवकर पिकतील."

आंबे हलवले, मशीन सुरळीत चालू झालं. निघताना आमच्या हातावर एकेक आंबा ठेवून म्हणतात, "खाऊन बघा आणि मग नावं ठेवा!" नावं ठेवायला जागा नव्हती हो, काय गोडी होती!

दसऱ्याला एका क्लासवाल्या बाईंचा फोन आला. रडवेला आवाज. "सगळ्या कॉम्प्युटरांची पूजा केली आणि तासाभरात बंद पडले! देव कोपला का हो?"

प्रत्येक कॅबिनेटला झेंडूचा जाडजूड हार, जाळी पार झाकलेली. शेखर म्हणाला, "कोपला नाही बाई, गुदमरलाय. हार फोटोला घाला!"

पण आमची खरी परीक्षा घेतली ती अण्णांनी. अण्णा म्हणजे आमचे चित्रकलेचे मास्तर, रिटायर झालेले. मुंबईहून सुटे पार्ट मागवून त्यांनी स्वतः मशीन जोडलं. लेक मंजू कॅनडात, तिला मुलगा झालेला. काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, गुडघ्यांमुळे तिकडे जाणं शक्य नव्हतं. मग ठरलं की रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या शनिवारी संध्याकाळी, नातवाचं बारसं वेबकॅमवर बघायचं.

आणि मशीन? चालू केलं की जरा वेळाने धप्प! प्रोसेसरचं टेम्परेचर नुसतं चढत जायचं.

आम्ही आधी आंबे शोधले. नव्हते. हार नव्हता. धूळ तर नावालाही नाही, मास्तरांचं काम ते! पंखाही व्यवस्थित फिरत होता. शेवटी कॅबिनेटची बाजू काढून समोर काकूंचा टेबलफॅन लावला.

"माझा पंखा त्याला, आणि मी चुलीपुढे घामाघूम! नातू दिसणार असेल तर घ्या मेल्यांनो, नाहीतर आत्ता परत आणा!" काकू कडाडल्या.

तरी धप्प. अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा एकेक स्क्रू तपासला. मला फार वाईट वाटलं. या माणसाने आम्हाला सरळ रेघ मारायला शिकवली होती.

शनिवारी शेखर म्हणाला, "आता हीटसिंकच उचलून बघू." प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा तो धातूचा ठोकळा उचलला, उलटा केला, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. खाली कंपनीचं पातळ प्लास्टिक जसंच्या तसं!

"अण्णा, हे काढायचं असतं!"

"नव्या वस्तूचं प्लास्टिक?" अण्णा खरोखरच दुखावले. "खराब नाही होणार?"

मी खोलीभर नजर फिरवली. रिमोट प्लास्टिकमध्ये. टेलिफोन प्लास्टिकमध्ये. सोफ्याचंही अजून काढलेलं नव्हतं, आणि सोफा मंजूच्या लग्नातला!

प्लास्टिक सोलून उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली. टेम्परेचर खाली आलं आणि खालीच राहिलं. काकूंनी आधी पंखा नेला, मग आमच्या हातावर नारळाच्या वड्या ठेवल्या.

रविवारी सकाळी काकू नऊवारी नेसून स्टुलावर, अण्णा इस्त्रीच्या शर्टात. फोनच्या लाइनवरचं इंटरनेट, चित्र अडखळत सरकत होतं. आधी मंजूचं कपाळ आलं, मग हसू, मग बाबागाडी. मशीन चालूच! काकूंनी पदर डोळ्याला लावला.

"दिसतोय का हो अण्णा?" मंजूने विचारलं. "नवीन गाडी घेतलीय त्याला!"

चित्र हळूहळू स्पष्ट झालं. आत गुलाबी, लठ्ठ नातू लोळत होता. त्याच्याखाली गादी चकाकत होती, दुकानातून आली तशीच.

अण्णा ताडकन उभे राहिले आणि सगळी आळी जागी होईल असे ओरडले, "मंजू! अगो, आधी ते प्लास्टिक काढ! पोर तापेल!"