कुकरातली पेज

वहिनींचं बोट वर गेलं की अंगणातले सगळे गप्प व्हायचे. समोर कोणीही असो, बोलणं कितीही रंगात आलेलं असो, आतून कुकरची फुसफुस सुरू झाली की हळदीनं पिवळं झालेलं ते बोट वर जायचं. "थांबा जी. त्याले बोलू द्या आधी." मग शिट्टी व्हायची. वहिनी बोट खाली घेऊन म्हणायच्या, "हं, आता तुमी बोला." एकदा ग्रामसेवक घरपट्टीचं सांगायला आले होते. शिट्टी होईपर्यंत तेही बिचारे अर्ध्या वाक्यावर थांबले.

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. काय लिहावं आणि काय लिहू नये, हे विचारायला घरी कोणी नाही. पण कॉलेजात हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच गावाकडून आलेले आहात. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल, आणि रोज दिसते म्हणून तुम्ही तिच्याकडे नीट पाहिलं नसेल. मीही फार उशिरा पाहिलं.

दिघोरीत वहिनींचं घर आमच्या घराला लागून आहे, मध्ये फक्त कुडाची भिंत. घरात त्या, शाळेत जाणारी दोन मुलं आणि त्यांचे सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळे बाबाजी म्हणतो. वहिनींचे यजमान नाकाडोंगरीकडे मँगनीजच्या खाणीत कामाला. महिन्या-दोन महिन्यांनी येत. एका दिवाळीला ते कुकर घेऊन आले. दुपट्ट्यात गुंडाळून, गाड्या बदलत, सगळी वाट मांडीवर ठेवून आणला होता. अंगणात दुपट्टा सोडला तेव्हा आमची आई चार पावलं मागे सरकली.

"फुटला त?"

"फुटत नाही जी काकू. खाणीत कॉम्प्रेसर अस्ते ना, तसाच. हवा कोंडते अन् काम करते."

"मंग खाणीतली हवा घरात कायले आणली बापा?"

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी झाकण उचललं, आतले तीन डबे काढले, पुन्हा एकावर एक रचले. रबर हातात फिरवून पाहिलं. मला म्हणाल्या, "कागद आहे व याच्यासंगं. वाचून दाखव." मी अडखळत हिंदीतला कागद वाचला आणि त्यांनी एकेक ओळ पुन्हा म्हणून घेतली. तेव्हापासून कुकरला त्यांनी कधी वस्तू म्हटलं नाही. "तो माहा सालदार," त्या सांगत, सालाच्या बोलीनं ठेवलेला गडी असावा तसं. "पगार मागत नाही, तमाखू मागत नाही. रुसलाच त रबर थंड्या पाण्यात टाकाचा."

पण या सालदाराला घरात काम मिळेना. कारण बाबाजी.

आमच्याकडे भात उघड्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजतो आणि शिजला की पसवतात. जे पांढरं दाट पाणी निघतं ती पेज. मीठ घातलेली गरम पेज प्यायल्याशिवाय म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत, आणि बाबाजींचे तर दात गेलेले. कुकरात भात होतो, पेज होत नाही. सगळं पाणी भातच पिऊन टाकतो. पहिल्या दिवशी बाबाजींनी लोटा पुढे केला आणि त्यांना हे कळलं, तेव्हा ते कुकरकडे बोट करून म्हणाले, "याच्यात पेज नाही, त हे भांडं कायचं? मशीन आहे ते." कुकर फळीवर गेला. कधीमधी लाखोळीची डाळ शिजवायला उतरायचा, तेवढंच.

मग गावात अंगणवाडी निघाली. सेविका गावातलीच हवी होती, सातवी पास. अशा सुना गावात होत्याच किती? ग्रामसेवक बाबाजींच्या ओसरीवर येऊन बसले. वहिनी दाराआड उभ्या होत्या, डोक्यावर पदर. मी कुडाच्या भिंतीपलीकडे होते, पण आमच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं.

"सून मास्तरीण झाली त घर कोण पाहीन?" बाबाजी म्हणाले.

दाराआडून आवाज आला, "मी पाहीन मामाजी. दोनी पाहीन."

बाबाजींनी वळून दाराकडे पाहिलं. सून मध्येच बोलेल असं त्यांना वाटलं नसावं. मग म्हणाले, "हा रोवणा होऊ दे. मी बांधीत उतराच्या आधी पेज झाली पायजे. एक दिवस चुकली त अंगणवाडी बंद."

रोवणा म्हणजे धानाची लावणी, आणि बांधी म्हणजे धानाचं शेत. त्या दिवसांत आमच्याकडे बायकांना श्वास घ्यायला वेळ नसतो. त्याच दिवसांची अट घातली होती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी वहिनींना विचारलं, "काहून हो म्हटलं तुमी? जमन का?"

त्या बादली ओढता ओढता म्हणाल्या, "सातवीत होती तवा मास्तर बोलले होते, ही पोरगी शिकवाले चांगली आहे. त्याच्या मागून मले कोणी कायले चांगली आहे म्हणून सांगितलंच नाही व. भात चांगला होते म्हणतात, बस."

पहिले काही दिवस त्यांनी चुलीवरच निभावलं. पण पावसात सरपण ओलं. फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे. आधी डाळ, मग भात, मग भाजी, एक उतरलं की दुसरं. पेज वेळेवर व्हायची, पण अंगणवाडी उशिरा उघडायची. पोरं चिखलात लोळत बसायची. ग्रामसेवकांनी ते एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि सांगून गेले, "बाई, असं चालणार नाही. दुसरी कोणी पाहावी लागेल."

एकीकडे बाबाजींची पेज, दुसरीकडे अंगणवाडीची वेळ. त्या संध्याकाळी कुकर फळीवरून खाली उतरला.

वहिनींनी विचार केला तो असा: गंजात पाणी जास्त घालतो म्हणून पेज निघते, तर कुकरातही जास्त घालू. सकाळी त्यांनी डबे बाजूला ठेवले, कुकरातच तांदूळ टाकले, काठोकाठ पाणी भरलं आणि चुलीवर चढवला. मी पुस्तकं घेऊन लाखांदूरला शिकायला जायच्या गाडीसाठी निघतच होते. शिट्टी झाली नाही. नुसती घुसमटल्यासारखी फुसफुस झाली आणि एकदम पेजेचा फवारा उडाला, थेट छपराच्या कवेलूपर्यंत. मी धावत गेले तेव्हा वहिनी जळतं लाकूड चुलीबाहेर ओढत होत्या आणि छपरावरून पांढरी पेज थेंब थेंब गळत होती.

"म्हटलं होतं ना मी, फुटते म्हणून!" आई दारातूनच ओरडली.

"फुटला नाही काकू," वहिनी हातानं चेहरा पुसत म्हणाल्या, "ओकला."

बाबाजी दारात आले. एक थेंब त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी वर पाहिलं. "आजची पेज छपरानं पेली," एवढंच म्हणाले, फावडं खांद्यावर घेतलं आणि उपाशीच निघून गेले. एरवी या बोलण्यावर सगळा मोहल्ला हसला असता. त्या दिवशी कोणी हसलं नाही. पेज चुकली, असंच सगळ्यांना वाटलं.

वहिनी दाराकडे वळल्या. मग आईला म्हणाल्या, "काकू, तुमचा भात पसवला का?"

आई लगेच घरात गेली. लोटाभर पेज काढली, मीठ घातलं. वहिनी लोटा पदरानं धरून धावत सुटल्या. माझी गाडी तशीही गेली होती, मी त्यांच्या मागे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, धावताना त्या दोनदा घसरल्या, पण लोटा आडवा होऊ दिला नाही. बाबाजी धुऱ्यावर उभे राहून पाणी बांधत होते. रोवणा करणाऱ्या बाया कंबर सरळ करून पाहू लागल्या.

बाबाजींनी एक घोट घेतला. "ही आपली नाही."

"नाही जी. काकूची आहे."

"मंग?"

"तुमी म्हटलं होतं, बांधीत उतराच्या आधी पेज पायजे." वहिनींना धाप लागली होती. "तुमचे पाय अजून धुऱ्यावर आहेत मामाजी."

बाबाजींनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. बायांमधली एक ओरडली, "बाबाजी, सून वकील कराची होती जी! अंगणवाडीत कायले वाया घालवता?" आणि सगळ्या बांधीभर हसू पसरलं. बाबाजी हसले नाहीत, पण लोटा संपवला. रिकामा लोटा वहिनींच्या हातात दिला आणि म्हणाले, "उद्या पाहू." मगच चिखलात उतरले. वहिनी तशाच, चिखलाच्या पायांनी अंगणवाडीत गेल्या. मीही गेले. त्या दिवशी पोरांना वेळेवर गाणी म्हणायला मिळाली.

संध्याकाळी वहिनी कुकरसमोर बसल्या होत्या, जसं रुसलेल्या लेकरासमोर बसावं. तिन्ही डबे पुढ्यात होते. एकात त्यांनी डाळ मोजून पाहिली, दुसऱ्यात तांदूळ. तिसरा भाजीचा. तो उचलून त्यांनी आत पाहिलं. मग त्यात मूठभर तांदूळ टाकले आणि अर्ध्यापर्यंत पाणी ओतलं.

"हा मामाजीचा," त्या म्हणाल्या.

"आणि भाजी?"

"भाजी चुलीवर होते. एकीकडं तो काम करन, एकीकडं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. रॉकेल महाग म्हणून एरवी कोपऱ्यात पडून असलेल्या वातीच्या स्टोव्हवर कुकर होता, हळू आचेवर. पलीकडे चुलीवर भाजी. शिट्टी झाली, कुकर उतरला, निवला. वहिनींनी झाकण काढलं. तिसऱ्या डब्यात तांदूळ पार विरघळून गेले होते, वर दाट पांढरी पेज. लोट्यात ओतून, पदर सावरून त्या ओसरीवर गेल्या. बाबाजी प्यायले. थांबले. पुन्हा प्यायले. तळाशी मऊ दाणे होते, तेही बोटानं काढून खाल्ले. वहिनी उभ्याच.

"मीठ कमी आहे," बाबाजी म्हणाले.

वहिनी मीठ आणायला आत आल्या. मी आतच होते. मिठाच्या बरणीत हात घालून त्या उभ्या राहिल्या, भिंतीकडे तोंड करून, आणि त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

रोवणा संपला. एक दिवसही पेज चुकली नाही आणि त्या फवाऱ्यानंतर एक दिवसही अंगणवाडी उशिरा उघडली नाही. त्या अटीचं नाव बाबाजींनी पुन्हा काढलं नाही.

अंगणवाडीतली पोरं तर कुकर-कुकर खेळायची. उकिडवं बसायचं, गाल फुगवायचे आणि वहिनींनी बोट वर केलं की शिट्टी मारत उडी मारायची. पुढे मोहल्ल्यातल्या बायका यायला लागल्या. आधी कुकर पाहायला, मग विचारायला, मग पैसे साठवायला. वहिनींनी कोणाला नाही म्हटलं नाही. ज्यांच्या घरी नवा कुकर आला त्यांच्याकडे पहिल्या दिवशी त्या स्वतः जायच्या आणि आधी सांगायच्या, "काठोकाठ पाणी भरू नका. मी भरलं होतं." आमच्याकडेही आला. आई अजूनही झाकण लावताना तोंड फिरवते. पण सकाळच्या गाडीला मी गरम भाताचा डबा घेऊन जाऊ लागले, ते तेव्हापासून. त्याआधी मी आदल्या दिवशीचं नेत असे, किंवा काहीच नाही.

नंतर वहिनींना ट्रेनिंगसाठी भंडाऱ्याला बोलावणं आलं. काही महिने तिथेच राहायचं होतं. लग्नानंतर त्या एकट्या कुठे गेल्या नव्हत्या. लाखांदूरपर्यंत त्या माझ्याच गाडीनं निघाल्या. पत्र्याची पेटी बाबाजींनी डोक्यावरून आणली. गाडीत चढून त्यांनी खिडकीजवळची जागा आपल्या दुपट्ट्यानं पुसली, पेटी बाकाखाली सारली आणि कंडक्टरला दरडावून सांगितलं, "सून आहे माही. सरकारी ट्रेनिंगले चालली. धक्का नाही लागला पायजे."

"बाबाजी, गाडी रिकामी आहे," कंडक्टर म्हणाला.

"रिकामी आहे तवर ठीक. भरन तवा?"

वहिनी पाया पडायला वाकल्या. बाबाजी काय बोलावं ते शोधत राहिले आणि तेवढ्यात घंटी झाली. गाडी सुटली. बाबाजी आतच. कंडक्टर तिकिटाची पेटी घेऊन पुढे आला. "आता काढा तिकीट, तुमीबी चला ट्रेनिंगले." गाडीतले सगळे हसले. वहिनींनी पदर तोंडात धरला. नाल्याजवळ ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि बाबाजी उतरले. उतरता उतरता वळून म्हणाले, "घरचं मी पाहीन. तू तिथलं पाय."

मी मागच्या काचेतून पाहत होते. बाबाजी गावाकडे चालू लागले होते. समोरून एक बैलगाडी आली. त्यांनी हात करून ती थांबवली आणि आमच्या गाडीकडे बोट दाखवून काही सांगितलं. गाडीवाल्यानं मान वळवून पाहिलं. बाबाजी पुढे चालले. मागून एक सायकलवाला आला, त्यालाही थांबवलं. पुन्हा हात वर झाला, पुन्हा आमच्याकडे. ते काय सांगत होते ते ऐकू येत नव्हतं. मी वहिनींना हाक मारून दाखवणार होते, पण त्या समोरच्या रस्त्याकडे पाहत होत्या, म्हणून मी थांबले.