पस्तीस मिनिटं आणि एक दिवस

आमची सिएनी लग्न होऊन पलीकडच्या बेटावर, पागोपागोला गेली आणि तिथल्या विमानतळावर तिकिटं देऊ लागली. बावीस वर्षं. इकडे आमच्या आपियाला यायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "सव्वाशे किलोमीटर, पस्तीस मिनिटं आणि एक दिवस." मधल्या समुद्रात तारखेची रेघ. इकडे आपियात शनिवार उजाडतो तेव्हा तिकडे शुक्रवारच असतो. वार चुकवणाऱ्यांची ती भर रांगेत खिल्ली उडवायची. एकदा मी चुकले, तिची सख्खी मावसबहीण. "लागी, शाळेत वार शिकवले नाहीत का गं तुला?" सगळी रांग हसली. मी ते विसरले नाही.

एवढ्या जवळ असून आठ वर्षांत ती माहेरी आली नव्हती. "पस्तीस मिनिटं तर लागतात, कधीही येईन," म्हणायची.

गेल्या वर्षी तिची धाकटी बहीण फुआतिनो वारली. फोन मीच केला. "शनिवारी दहाला माती आहे."

रडता रडता तिनं आपल्याच भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं असणार. "शनिवारी पहाटेच्या विमानानं निघते. तिच्यावर चटई मीच घालणार, थांबा माझ्यासाठी."

तिची शनिवार पहाट म्हणजे आमचा रविवार. माझ्या तेव्हाच लक्षात आलं. म्हटलं, एवढ्या शहाणीला मी काय वार शिकवणार? गप्प बसले. सांगायला लाज वाटते, पण थोडी गंमतही वाटली होती.

शनिवारी मावशी, म्हणजे त्या दोघींची आई, म्हणाली, "फोन लाव गं तिला." मी म्हटलं, "विमानात असेल." बारापर्यंत वाट पाहून फुआतिनोला आमच्या रीतीप्रमाणे घराच्या अंगणातच पुरलं.

रविवारी आम्ही चर्चमधून पांढऱ्या कपड्यांत परतलो, तर फाटकात सिएनी. बगलेत वर्षभर खपून विणलेली बारीक विणीची चटई. तिनं अंगणातली ताजी वाळू पाहिली. घरासमोर उन्हात बसली आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली.

आमच्याकडे कुणाचा जीव घेणारा माणूस मेलेल्याच्या घरच्यांच्या दारात असा बसतो. घरच्यांनी चटई उचलली तर माफी.

"ऊठ गं, बाई," मावशी ओट्यावरून म्हणाली. "असे खुनी बसतात. तुला नुसता उशीर झालाय."

"आठ वर्षांचा, आई," चटईखालून आवाज आला.

मावशी काठी टेकत उतरू लागली. मला उभं राहवेना. मी धावत जाऊन चटईचं टोक उचललं आणि आत शिरले. आत अंधार आणि उकाडा. सिएनीनं मला ओळखलं.

"हस गं लागी आता. तुझी पाळी आहे."

मावशीची पावलं जवळ आली. चटई हलली. मी माझ्याकडची कड दोन्ही मुठींत गच्च धरली.

"मला माहीत होतं, मावशी. तिच्यावरची उचल. माझ्यावरची नको."