एमिली मिसचा आवाज

"कॅमेरा ऑन करायचा नाही. पॅरेंट्सना अमेरिकन टीचर हवी असते. तुझा चेहरा बघून कोण ॲडमिशन घेणार?"

हे मला काकांनी सांगितलं. काका म्हणजे अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या एका ऑनलाइन शाळेचे मालक. सख्खे नव्हेत. पण मी इथे नवीन आले, तेव्हा पहिला वरण-भात त्यांच्याच घरी जेवले होते. 'घरचंच समज,' म्हणाले होते. मी समजले. तिथेच फसले.

मी गणितात एम.एस्सी. पुण्यात आठ वर्षं शिकवलेलं. इथे पडद्यावर एका सोनेरी केसांच्या बाईचा फोटो, खाली नाव मिस एमिली. आवाज माझा, तोही घासूनपुसून अमेरिकन केलेला. दर शुक्रवारी काका क्वालिटीचा फॉर्म भरायचे. एमिलीला कायम पाच स्टार. मुलांना भागाकार येतो का, हा प्रश्न त्या फॉर्मवर नव्हताच.

रिया नावाची नऊ वर्षांची मुलगी फ्रिस्को शहरातून ऑनलाइन वर्गात यायची. एकदा भागाकारात अडली. समजावता समजावता माझ्या तोंडून निघून गेलं, "सात सक बेचाळीस."

ती ओरडलीच. "माय आजी सेज दॅट! मिस एमिली, आर यू मराठी?"

मी म्हणाले, "नो."

"ओह. सॉरी."

त्यानंतर तिने शंका विचारणं सोडलं. अडली की गप्प बसायची. पोरीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. माझा चेहरा काकांनी काढून घेतला होता, पण हे 'नो' माझं स्वतःचं होतं. मला माझी शिसारी आली.

पुढच्या आठवड्यात मी कॅमेरा सुरू केला. "आय लाइड, रिया. मी मराठीच आहे." खरं नाव सांगितलं.

"देन व्हाय डिड यू से नो?" तिने विचारलं.

तेवढ्यात तिची आई पडद्यासमोर आली. शुद्ध मराठीत म्हणाली, "म्हणजे इंडियनच? फसवलंत की आम्हाला!" आणि लॅपटॉप मिटला.

लगेच काकांचा फोन. "रियाच्या आईला सांग, एमिली आजारी होती, तू सबस्टिट्यूट होतीस. मिटेल सगळं."

"एमिली नाहीच आहे, काका."

त्यांना काका म्हटलं ते शेवटचं.

आता वर्गातल्या प्रत्येक पालकाला मी पत्र लिहिलंय. वर माझा फोटो, खाली माझं नाव. रियाच्या आईलाही पाठवलंय. फसवणूक झाली, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. कुणी कुणाला फसवलं, ते मी सांगणार. कॅमेरा सुरू ठेवून.